नोंद अटकेची आहे, मग निकालाची का नाही?

निर्दोष सुटलेल्या एका माणसाचे नाव निकालपत्राच्या जाहीर प्रतीतून झाकावे, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तेव्हापासून ‘विसरले जाण्याचा हक्क’ या विषयावर आपल्याकडे बरेच बोलले आणि लिहिले जात आहे, पण ती चर्चा चुकीच्या जागी उभी राहून चालली आहे, असे मला वाटते. एक बाजू म्हणते की नावे झाकायला सुरुवात केली तर खुल्या न्यायालयाचे तत्त्वच मोडीत निघेल आणि गुन्हेगारांचे फावेल. दुसरी बाजू म्हणते की पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवले आहे, तेव्हा इंटरनेटवरचे जुने ते सगळे काढून टाका. दोघांचे भांडण संकेतस्थळांशी आणि शोधयंत्रांशी आहे. मात्र ज्याची नोकरी अडते, ज्याला परवाना मिळत नाही, ज्याच्या घरी दर सणाला पोलीस चौकशीला येतात, त्याचे बहुतेक वेळा संकेतस्थळामुळे काही अडलेले नसते. त्याचे अडते ते पोलीस ठाण्यातल्या एका नोंदीमुळे, जी सरकारने स्वतः केली आणि स्वतःच अर्धवट सोडून दिली.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. अटकेची नोंद जाळून टाकावी, असे मी म्हणत नाही. खटला दोषसिद्धीशिवाय संपला, की ती नोंद पूर्ण करण्याची आणि त्यानंतर सीलबंद करण्याची जबाबदारी सरकारची असावी. ज्याला अटक झाली होती त्याला त्यासाठी एकही अर्ज करावा लागू नये. सीलबंद नोंद न्यायालयाला आणि तपास अधिकाऱ्याला कारण लिहून उघडता यावी. मालकाला, सोसायटीला, बँकेला किंवा चारित्र्य पडताळणीच्या कारकुनाला ती दिसू नये. आज घडते ते नेमके याच्या उलट. नोंद करणे हे सरकारचे काम आणि निस्तरणे हे नागरिकाचे.

तालुक्याच्या न्यायालयात मी वीस वर्षांहून अधिक काळ वकिली करतो आहे, आणि हे निस्तरणे कसे असते ते जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला. एकोणिसाव्या वर्षी गावच्या मिरवणुकीत हाणामारी झाली, फिर्यादीत बारा जणांची नावे पडली आणि त्यांत त्याचेही नाव आले. एक रात्र कोठडी, मग जामीन, मग सात वर्षे तारखा. साक्षीदार आले, फिर्यादीने आरोपींना ओळखले नाही, पंचांनी पंचनाम्यावरची सही तेवढी मान्य केली, आणि बाराही जण निर्दोष सुटले. त्यानंतर दोन वर्षांनी या मुलाची एका सरकारी खात्यात निवड झाली आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल आला. त्यात गुन्हा रजिस्टर नंबर होता, कलमे होती, अटकेची तारीख होती आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता : न्यायप्रविष्ट. निकाल लागून दोन वर्षे उलटली होती. मी त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो तेव्हा अंमलदाराने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. अटकेच्या रकान्यात तारीख आणि वेळ अगदी मिनिटापर्यंत भरलेली होती; निकालाचा रकाना कोरा होता. अंमलदार माणूस भला होता. “निकालाची नक्कल आणा, भरून टाकतो,” तो म्हणाला. मग आम्ही नक्कल शाखेत अर्ज केला. ते प्रकरण तोवर अभिलेख कक्षात गेले होते, लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये, आणि तो गठ्ठा सापडायला सहा आठवडे लागले. नक्कल मिळाली, ठाण्यात दिली, तिथून ती जिल्ह्याच्या ठिकाणी गेली, दुरुस्त अहवाल निघाला. तोपर्यंत त्या जागेवर प्रतीक्षा यादीतला उमेदवार रुजू झालेला होता.

या हकिगतीत वाईट माणूस कुणीच नाही. कुणी लाच मागितली नाही, कुणी सूड घेतला नाही. प्रत्येकाने नेमून दिलेले काम केले, फक्त निकाल ठाण्याच्या नोंदीपर्यंत पोहोचवणे हे काम कुणालाच नेमून दिलेले नव्हते किंवा दिलेले असले तरी ते न केल्याचा जाब कुणाला विचारला जात नव्हता. सगळा प्रश्न इथेच आहे, आणि तो शोधयंत्राच्या कंपनीशी भांडून सुटणारा नाही.

आपल्याविषयी काय नोंदलेले आहे, हे सामान्य माणसाला कळते तरी कसे? बहुतेकांना ते नकार हाती पडल्यावरच कळते. खरे तर अटक झालेल्या माणसाची नोंद एका जागी नसते. ठाण्याच्या दैनंदिनीत ती असते, गुन्हा रजिस्टरमध्ये असते, अटकेच्या नमुन्यात असते, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत असते, दोषारोपपत्रासोबत न्यायालयात गेलेल्या कागदांत असते आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधले तर तिथेही असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. म्हणजे आरोप सात ठिकाणी पोहोचतो, त्यातल्या दोन ठिकाणी सगळ्या जगाला दिसतो, आणि निर्दोषत्व मात्र एका गठ्ठ्यात पडून राहते. पोलिसांनीच तपासाअंती ‘ब’ समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी असल्याचे स्वतः सांगितले, किंवा ‘क’ समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून गुन्हा नोंदला गेल्याचे मान्य केले, तरी पहिल्या दिवशी वर चढवलेला अहवाल खाली उतरवण्याची कुणाला आठवण राहत नाही.

प्रौढ माणसाच्या अटकेची नोंद खटला संपल्यावर मिटवावी किंवा बंद करावी, असे सांगणारे सर्वसाधारण कलम ना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, ना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला, पण गुन्ह्यांचा प्रतिबंध, तपास आणि खटले यांसाठी होणाऱ्या वापराला त्यातून सूट दिली. आणि कारण नसताना कुणी पोलिसांकरवी अटक घडवून आणली, तर त्याच्याकडून जी भरपाई दंडाधिकारी देववू शकतात, तिची कमाल मर्यादा जुन्या संहितेच्या कलम ३५८ मध्ये एक हजार रुपये होती. नव्या संहितेच्या कलम ३९९ मध्येही ती एक हजार रुपयेच आहे.

आश्चर्य वाटेल, पण या एका बाबतीत परक्या सरकारने केलेला कायदा अधिक नेमका होता. १९२० च्या कैदी ओळख कायद्याच्या सातव्या कलमात लिहिले होते की, पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सोडला गेला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर न्यायालयाने कारण नोंदवून वेगळा आदेश दिला नसेल तेव्हा त्याची घेतलेली सर्व मापे आणि छायाचित्रे, निगेटिव्ह आणि प्रती धरून, नष्ट करावीत किंवा त्याच्या हवाली करावीत. ‘त्याच्या हवाली करावीत’ हे शब्द मी अनेकदा वाचले आहेत. ज्या राजवटीने या देशातल्या माणसाला नागरिकही मानले नाही, तिच्या कायद्यालाही हे उमगले होते की निर्दोष माणसाचा कोठडीतला फोटो सरकारच्या मालकीचा राहत नाही. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने तो कायदा रद्द केला. नव्या कायद्याखाली बोटांच्या ठशांपासून बुबुळाच्या प्रतिमेपर्यंत आणि जैविक नमुन्यांपर्यंत सारे घेता येते आणि पंचाहत्तर वर्षे ठेवता येते. निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद त्यातही आहे, पण सर्व कायदेशीर उपाय संपल्यानंतरची. आणि त्याखालच्या नियमांनुसार तशी विनंती नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जायला हवी. पुन्हा अर्ज. ज्याला आपले ठसे कुठे साठवले आहेत हेच ठाऊक नाही, त्याने ते पुसण्याची विनंती कुणाकडे आणि कधी करायची? शिवाय हा कायदा शरीराच्या मापांपुरता आहे. अटकेच्या शाब्दिक नोंदीला तो हातही लावत नाही.

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे. निर्दोष सुटणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे, असे पोलीस अधिकारी सांगतात, आणि ते खरे आहे. मी स्वतः असे खटले पाहिले आहेत, जिथे साक्षीदार फितूर झाला तो पैशाने किंवा भीतीने, आणि सुटलेला माणूस न्यायालयाच्या पायऱ्यांवरच फिर्यादीकडे पाहून हसला. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या खटल्यात सुटलेला माणूस उद्या शाळेच्या बसवर चालक म्हणून गेला, तर पालकांनी काय करायचे? या प्रश्नाला ‘गृहीत निर्दोषत्व’ एवढे दोन शब्द हे उत्तर होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोलीस भरतीच्या प्रकरणात म्हटले की संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या उमेदवाराला नाकारण्याचा अधिकार पोलीस दलाला आहे. २०१६ च्या त्रिसदस्यीय पीठानेही गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घेण्याची मुभा नियुक्ती करणाऱ्याला दिली. बंदूक ज्याच्या हाती द्यायची त्याच्याविषयी अधिक सावध राहावे, यात गैर काय?

गैर काही नाही. पण आज जे घडते त्याला सावधपणा म्हणता येणार नाही. ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ हा शब्द ज्या कसोटीत वापरला जातो, तो फौजदारी संहितेत कुठेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वतः नमूद केले आहे आणि त्याची नेमकी व्याख्या करणे अवघड असल्याचेही मान्य केले आहे. खालच्या न्यायालयातले निकालपत्र लिहिताना न्यायाधीश आरोपीच्या दहा वर्षांनंतरच्या नोकरीचा विचार करून शब्द निवडत नाहीत. फिर्यादी पक्षाने पुरावा शाबीत केला नाही, एवढे लिहिले की त्यांचे काम संपते. आता माझ्याकडे आलेल्या त्या तरुणाचा विचार करा. साक्षीदारांनी त्याला ओळखले नाही, कारण तो तिथे नसेलच कदाचित. पण कागदावर ‘साक्षीदार फितूर’ असे उमटले. तो खरोखर निर्दोष असता तर त्याहून वेगळे काय उमटले असते? फिर्यादीने न्यायालयात खरे सांगितले, तरी तो फितूर ठरतो आणि आरोपीच्या वाट्याला कायमचा संशय येतो. जी कसोटी निर्दोष माणसाला आणि धाकदपटशा करणाऱ्याला एकाच मापाने मोजते, तिच्या भरवशावर मुलांचे रक्षणही होत नाही. शाळेच्या बसचा चालक, बालगृहाचा कर्मचारी, शस्त्र बाळगणारा शिपाई अशा मोजक्या कामांची यादी कायद्यानेच करावी, तेवढ्यांसाठी सीलबंद नोंद पाहण्याची परवानगी असावी आणि उमेदवाराला त्याची बाजू मांडू देऊन लेखी निर्णय व्हावा. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने शिक्षा झालेल्यांच्यासुद्धा जुन्या नोंदी ठरावीक काळानंतर ‘सरलेल्या’ मानल्या जातात आणि नाजूक कामांसाठी अपवाद ठेवलेले आहेत. आपण तर इथे शिक्षा न झालेल्यांविषयी बोलत आहोत.

आणि दोषी नसलेल्याला बाहेर ठेवण्याची ही सावधगिरी आपण कुणाच्या बाबतीत बाळगतो, हेही पाहायला हवे. लोकप्रतिनिधी कायद्याच्या आठव्या कलमाखाली अपात्रता येते ती दोषसिद्धीनंतर. नुसत्या आरोपांवरून, अगदी न्यायालयाने आरोप निश्चित केल्यावरही, उमेदवाराला निवडणुकीतून बाद करता येणार नाही, असे घटनापीठाने २०१८ मध्ये सांगितले. ते संसदेचे काम आहे, असेही सांगितले. त्या निर्णयामागचे तत्त्व मला मान्य आहे. पण तेच तत्त्व तलाठ्याच्या, परिचराच्या, वाहनचालकाच्या दारात येऊन का थांबते? खटला चालू असताना कायदे करण्याच्या सभागृहात बसता येते आणि खटल्यातून सुटल्यावर त्याच सभागृहाच्या दारावर पहारेकरी होता येत नाही, याचे समर्थन कुठल्या न्यायबुद्धीने करायचे? पारपत्राचा कायदा यापेक्षा शहाणा आहे. तिथे प्रश्न विचारला जातो तो मुख्यतः प्रलंबित खटल्याचा आणि गेल्या पाच वर्षांत झालेल्या ठरावीक शिक्षेचा. देशाबाहेर जाऊ देताना सरकारला जेवढे पुरते, तेवढे देशात चपराशी नेमताना का पुरू नये?

दुसरा आक्षेप पारदर्शकतेचा आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. अटकेची माहिती जाहीर करण्याची सक्ती आली ती आरोपीला बदनाम करण्यासाठी नव्हे, त्याला वाचवण्यासाठी. माणूस रात्री उचलला जातो आणि ठाण्यात विचारले तर ‘इथे कुणी नाही’ असे उत्तर मिळते, हा अनुभव या देशाने पुष्कळ घेतला आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अटकेसंबंधी अकरा बंधने घातली ती कोठडीतल्या मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर. पुढे संहितेत दुरुस्ती होऊन अटक केलेल्यांची नावे आणि पत्ते जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकावर लावणे बंधनकारक झाले. नव्या संहितेच्या कलम ३७ ने ती सक्ती प्रत्येक ठाण्यापर्यंत आणि डिजिटल माध्यमापर्यंत नेली. या तरतुदींच्या केसालाही धक्का लागता कामा नये. नोंदी बंद करण्याच्या नावाखाली पोलिसांनी स्वतःच्या बेकायदा अटकांचे पुरावे झाकले, तर तो उपाय रोगाहून वाईट ठरेल.

पण नीट पाहिले तर या नोंदीत दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. सरकारने या माणसाला अमुक दिवशी, अमुक वेळी ताब्यात घेतले, ही एक. आणि या माणसावर अमुक गुन्ह्याचा आरोप आहे, ही दुसरी. पहिली नोंद सरकारच्या वर्तनाची आहे, दुसरी नागरिकाच्या. पहिली अमर असावी. किती अटका झाल्या, कुणी केल्या, किती टिकल्या, हे शंभर वर्षांनीही कळले पाहिजे. राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात सुमारे साठ टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असल्याचे म्हटले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये त्याचा आधार घेतला, ते अशा नोंदी होत्या म्हणूनच. त्या गणनेसाठी अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लागते, ठाणे लागते, कारण लागते. सुटलेल्या माणसाचे नाव आणि पत्ता शेजाऱ्याच्या मोबाइलवर दिसण्याची गरज त्यासाठी पडत नाही. अटकेच्या दिवशी नावाचा फलक संरक्षण असतो. दहा वर्षांनंतर तोच फलक शिक्षा बनतो. फलक तोच आणि शब्दही तेच, मधल्या काळात त्याचे काम मात्र उलटे झालेले असते.

या लेखात मी ज्या निकालांचा उल्लेख करतो आहे, त्यांतल्या बहुतेकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. आपल्याकडे न्यायालयीन दाखला ओळखला जातो तो पक्षकाराच्या नावाने. अनावश्यक अटकेविरुद्ध २०१४ मध्ये जो महत्त्वाचा निकाल लागला, ज्यात अटक अपमान करते, स्वातंत्र्य हिरावते आणि कायमचे व्रण मागे ठेवते असे न्यायालयाने म्हटले, तो निकाल वकील दररोज ज्या नावाने उद्धृत करतात ते नाव हुंड्याच्या छळाचा आरोप असलेल्या एका माणसाचे आहे. व्रणांविषयी बोलणारे ते निकालपत्रच एक व्रण होऊन बसले, हे आम्हा वकिलांच्या ध्यानीमनीही येत नाही. अकराव्या वर्षी अटक होऊन पुढे निर्दोष ठरलेल्या ब्रिटनमधल्या एका मुलाचे ठसे आणि डीएनए पोलिसांनी ठेवून घेतले, म्हणून २००८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरले. तो मुलगा दाखल्यात केवळ एका आद्याक्षराने ओळखला जातो, आणि त्यामुळे त्या निकालाचे वजन कणभरही कमी झालेले नाही.

तिसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो मराठी माणसाला सहज पटेल असा आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना १९७२ मध्ये आली तेव्हा तुरुंगवासाचा पुरावा मागितला गेला, आणि कारागृहाचे दाखले न मिळाल्यामुळे अनेकांना सहबंद्यांची प्रमाणपत्रे गोळा करीत फिरावे लागले. नोंदी पुसल्या असत्या तर त्यांचा त्यागच पुसला गेला असता. आणीबाणीत मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये मानधन सुरू केले, २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते बंद केले, २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा सुरू केले. त्यालाही आधार तुरुंगाच्या नोंदींचाच. म्हणूनच मी जाळण्याविरुद्ध आणि सीलबंद करण्याच्या बाजूने आहे. ज्याची नोंद आहे त्याला ती केव्हाही पाहता यावी, तिची नक्कल मिळावी, हवी तर ती त्याने अभिमानाने मिरवावी. अटकेचा अर्थ काळानुसार बदलतो. तो अर्थ लावण्याचा पहिला अधिकार ज्याने ती भोगली त्याचा असला पाहिजे.

इतिहासाचे दुसरे पानही उघडायला हवे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच नोंदवहीत चढवली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट महाराष्ट्राला नवी नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण नोंदवहीची सवय गेली नाही, ती सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांत शिरली. चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली जीप जाते. चौकशीसाठी उचलले, नोंद झाली, पुराव्याअभावी सोडले, आणि पुढच्या चोरीच्या वेळी तीच नोंद संशयाचे कारण झाली. नोंदीतून संशय आणि संशयातून नवी नोंद, हे चक्र ज्यांच्या वस्तीवर फिरते त्यांना ‘रेकॉर्डवरचा’ हा शब्द आडनावासारखा चिकटतो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या इतिहासपत्रकांचा (हिस्ट्री शीटचा) विचार करताना मागास आणि वंचित समाजांतल्या निरपराध माणसांची नावे त्यांत यांत्रिकपणे भरली जाऊ नयेत, अशी काळजी व्यक्त केली. ती काळजी प्रत्येक ठाण्यापर्यंत पोहोचायची तर ती आदेशाच्या भाषेतून रकान्याच्या भाषेत उतरली पाहिजे.

सरकार खटले मागे घेते तेव्हाही हाच दोष दिसतो. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय राज्यात वेळोवेळी होतात. कोरोनाकाळातले कलम १८८ चे, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचे, गुन्हे मागे घेण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. पण खटला मागे घेणे वेगळे आणि नोंद मिटणे वेगळे, हे ज्यांच्यावर ते खटले होते त्यांना कुणी सांगितले? याहून वाईट अवस्था किरकोळ खटल्यांतल्या कबुलीची. लोकअदालतीच्या दिवशी ‘कबूल करा, शंभर-दोनशे दंड भरा आणि मोकळे व्हा’ असा सल्ला मिळतो, माणूस मजुरीचा दिवस वाचवण्यासाठी मान डोलावतो, आणि तो मोकळा होत नाही. त्याच्या नावावर दोषसिद्धी लागते. जो लढला तो निर्दोष सुटूनही अडकला आणि जो लढला नाही तो शिक्षा घेऊन अडकला. हा सल्ला आम्ही वकीलच देतो. मीही दिला आहे, आणि त्याचा परिणाम काय होईल हे प्रत्येक वेळी समजावून सांगितले, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

हे सारे करणे अवघड आहे का? आपल्याच कायद्यात याचा नमुना आहे. बाल न्याय कायद्याच्या २०१५ च्या रूपात, काही घृणास्पद गुन्ह्यांचा अपवाद सोडून, विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या किंवा तो शाबीत झालेल्या, बालकाची नोंद अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करण्याची तरतूद आहे, आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी त्या बालकाची नोंद उघड करायला कलम ७४ ने पोलिसांना सरळ मनाई केली आहे. अठरा वर्षांच्या आतल्या दोषी ठरलेल्या मुलाला जे संरक्षण मिळते, ते एकोणिसाव्या वर्षाच्या निर्दोष ठरलेल्या मुलाला मिळत नाही. यंत्रणेचे म्हणाल तर पोलीस, न्यायालय आणि कारागृह यांच्या संगणक प्रणाली एकमेकींशी जोडण्याचे काम सरकारनेच हाती घेतले आहे आणि ई-कोर्ट्सवर प्रत्येक खटल्याला अक्षरे आणि अंक मिळून स्वतंत्र सोळा स्थानांचा क्रमांक आहे. निकाल लागला की त्या क्रमांकाच्या आधारे ठाण्यातला कोरा रकाना आपोआप भरला जाऊ शकतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ च्या कायद्याने अशा नोंदी अर्जाविना आपोआप सीलबंद करायला सुरुवात केली, कारण अर्जाची वाट ठेवली की ज्याला वकील परवडतो त्याचीच नोंद बंद होते. आपल्याकडे आज उरलेला मार्ग म्हणजे उच्च न्यायालयात याचिका. त्या मुलाच्या वडिलांकडे मुंबईच्या फेऱ्यांचे पैसे असते, तर त्याने शिपायाच्या जागेसाठी अर्ज कशाला केला असता?

म्हणून मागणी फार मोठी नाही. नव्या संहितेचे कलम ३७ म्हणते की प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमावा आणि अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपाचे स्वरूप दर्शनी भागी, डिजिटल स्वरूपातही, प्रदर्शित होतील याची जबाबदारी त्याच्यावर असावी. नाव कधी उतरवायचे, याविषयी त्या कलमात एक शब्दही नाही. तिथे एक पोटकलम जोडावे : समरी मंजूर झाल्यापासून, किंवा दोषमुक्तीच्या वा निर्दोषत्वाच्या आदेशावरची अपिलाची मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याच अधिकाऱ्याने निकालाचा रकाना भरावा, फलकावरचे आणि संकेतस्थळावरचे नाव उतरवावे, नोंद सीलबंद करावी आणि तसे केल्याचे पत्र त्या माणसाच्या घरच्या पत्त्यावर पाठवावे. पत्ता ठाण्याकडे आहेच. अटकेच्या दिवशी तो बिनचूक लिहून घेतलेला असतो.